गोळीबार पडद्यावर, भांडण घरात

“दिवसभर मोबाइलवर माणसं मारतोय हो. उद्या खरंच कुणाला मारलं तर?” कराड, वाई, विटा, मिरज, कुठल्याही शाळेच्या पालकसभेत हा प्रश्न निघतो आणि विचारणारी बहुतेक वेळा आई असते. तिची समजूत घालून विषय बदलू नये. अमक्या गावात पब्जीपायी पोराने घरच्याच माणसाचा जीव घेतला, हे तिने ऐकलेलं असतं. त्या बातम्या खोट्या नव्हत्या. मात्र त्यांत नेमकं काय घडलं होतं हे शांतपणे पाहिलं, तर कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे बरंचसं उलगडतं. घरात काय करायचं तेही तिथूनच सुचतं.

जून २०१९मध्ये भिवंडीत पंधरा वर्षांच्या मुलाने थोरल्या भावाचा जीव घेतला. पब्जी खेळण्यावरून भाऊ रागावला होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगावजवळच्या काकतीत एकवीस वर्षांच्या तरुणाच्या हातून वडील गेले. तिथेही आधी मोबाइल आणि गेम यांवरून वाद झालेला. त्याआधी मार्चमध्ये हिंगोलीत रुळांजवळ पब्जी खेळण्यात गढलेले दोन तरुण रेल्वेखाली सापडले. तिन्ही बातम्या ‘पब्जीचे बळी’ या एकाच मथळ्याखाली फिरल्या. पण गेममध्ये बंदूक चालवायला शिकून बाहेर कुणी माणसं मारत सुटलं, असं यांतल्या एकाही ठिकाणी घडलेलं नाही. भिवंडीत आणि काकतीत स्फोट झाला तो घरात, बोलणी खाण्याच्या आणि फोन सोडवण्याच्या क्षणी. हिंगोलीत जीव गेला तो भान हरपल्यामुळे. अशा प्रत्येक घटनेमागे जुनी भांडणं, दुखणी, घरातला अबोला असं बरंच काही साचलेलं असतं आणि ते एका मथळ्यात मावत नाही.

पडद्यावरच्या हिंसेचा वाद मोबाइलपेक्षा जुना आहे. ‘मॉर्टल काँबॅट’ या मारामारीच्या गेमवरून १९९३मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि पुढच्याच वर्षी तिथे गेमना वयाचे शिक्के मिळू लागले. संशोधकांचंही तेव्हापासून एकमत नाही. तरी आज हातात काय आहे ते सांगता येतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९मध्ये ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक गेम खेळणं आणि मुलांची आक्रमक वागणूक यांचा संबंध त्यांना सापडला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही मानसशास्त्रज्ञांची संघटना पूर्वी गेमविरुद्ध जास्त कडक बोलायची. तिने २०२०मध्ये आपलं म्हणणं नेमकं केलं: ओरडणं, ढकलाढकली अशा वागण्याशी या गेमचा लहानसा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराला गेम कारणीभूत ठरतात असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

मग पालकसभेतल्या त्या आईला काय सांगायचं? तुमचा मुलगा गेममुळे खुनी होणार नाही, ती भीती मनातून काढा. पण तो चिडचिडा होईल, उलटून बोलेल, धाकट्या बहिणीला ढकलेल, हे शक्य आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याची झोप जाईल, पैसा जाईल, तुमच्यातलं बोलणं जाईल. गोळ्यांकडे बघत बसलो की या तिन्हींकडे दुर्लक्ष होतं. माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आहे.

बंदी आली की सुटलो, असं अनेकांना वाटतं. बंद्या येऊन गेल्या आहेत. मार्च २०१९मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या तरुणांना पकडलंही. त्याच वर्षी मुंबईतल्या अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत उच्च न्यायालयात जनहित याचिका केली: हा गेम हिंसा शिकवतो, तो बंद करा. पब्जी मोबाइल अखेर देशभर बंद झाला तो २ सप्टेंबर २०२० रोजी, आणखी ११७ ॲपसोबत. कारण होतं देशाची सुरक्षा आणि नागरिकांची माहिती, हिंसा नव्हे. मुलं फ्री फायर या तशाच गेमकडे वळली. फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायरही बंद झाला, त्याचाच भाऊ फ्री फायर मॅक्स मात्र चालू राहिला. पब्जी ‘बीजीएमआय’ नावाने २०२१मध्ये परतला, २०२२मध्ये पुन्हा गेला, २०२३मध्ये पुन्हा आला. या वेळी अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. पोरं वडिलांचा नंबर आणि खोटी जन्मतारीख टाकतात आणि ती मर्यादा तिथेच संपते. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तो पैसे लावून खेळायच्या गेमविरुद्ध आहे. गोळीबाराच्या गेमवर त्याचा रोख नाही. सरकारने काय करावं यावर जरूर बोलावं, पण आज रात्री नऊ वाजता तुमच्या ओसरीवर जे चाललंय त्याला दिल्लीतून कुणी येणार नाही.

तेव्हा घरात काय करायचं?

पहिली गोष्ट, गेम बघा. मुलाच्या शेजारी बसून एक अख्खी मॅच, मधे न बोलता. बीजीएमआयमध्ये शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, मोकळं मैदान आक्रसत जातं आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. मोठी मॅच अर्धा तास चालते. फ्री फायर मॅक्समध्ये पन्नास खेळाडू असतात, मॅच दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. बहुतेक मुलं चौघांच्या संघात खेळतात, त्याला ती ‘स्क्वॉड’ म्हणतात. संघातली तीन पोरं बहुधा त्याच्याच वर्गातली किंवा आळीतली असतात. आणि कळीचा मुद्दा असा की ही मॅच मधे थांबवता येत नाही. उठलं तर संघ उघडा पडतो, रँक खाली येते, दुसऱ्या दिवशी शाळेत मित्र शिव्या घालतात.

हे एकदा पाहिलं की घरातली निम्मी भांडणं समजतात. “ठेव म्हटलं ना फोन!” ही हाक नेमकी त्या क्षणी येते जेव्हा शेवटचे दहा उरलेले असतात. मुलगा हाकेला ओ देत नाही, बाप फोन हिसकावतो आणि मग जे होतं ते होतं. म्हणून वेळ मिनिटांत ठरवू नका, मॅचमध्ये ठरवा. ‘आठला बंद’ असं म्हणण्यापेक्षा ‘दोन मॅच, आणि साडेसातनंतर नवी मॅच सुरू करायची नाही’ असं बोला. मुलाला हे पाळता येतं आणि पाळलं की नाही हे तुम्हालाही कळतं. फोन हिसकावून घेणं मात्र कायमचं बंद करा, तो तुमचा असला तरी. शब्द मोडला तर उद्याची एक मॅच कमी, आणि ती शिक्षा उद्याच सांगायची. आज रात्री त्याचं डोकं तापलेलं असतं, आणि आपलंही.

आता सांगलीकडे येतो, कारण याबाबतीत महाराष्ट्राने जिल्ह्यातल्या एका गावाकडून शिकण्यासारखं आहे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, जेमतेम तीन हजार वस्तीचं. कोरोनाच्या काळात शाळेसाठी मुलांच्या हातात फोन आले आणि शाळा उघडल्या तरी ते हातातच राहिले. सरपंच विजय मोहिते यांनी १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावातल्या बायांची सभा बोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून देवळावरचा भोंगा वाजू लागला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की गावात टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. पुरुष मंडळी सुरुवातीला हसली, मग रुळली. पुढे ही बातमी परदेशी वाहिन्यांपर्यंत गेली.

या गावाचं मला सर्वांत मोल वाटतं ते एका गोष्टीसाठी. बंद होणाऱ्या वस्तूंत टीव्हीही होता, म्हणजे आईची मालिकाही गेली आणि बापाच्या बातम्याही गेल्या. सभेत बायांनी आधी स्वतःच्या मालिकांबद्दल कबुली दिली होती. ज्या घरात बाप जेवताना रील्स बघतो तिथे पोराला गेम बंद करायला सांगणं निरर्थक आहे, पोरगं ते तोंडावर बोलत नाही एवढंच. आणि दुसरं, गावात सगळ्यांचंच एका वेळी बंद झालं की मुलाचा संघही एका वेळी उठतो. एकट्याची रँक जात नाही, कुणी कुणाला भित्रा म्हणत नाही. म्हणून तुमच्या गावात भोंगा लावता आला नाही तरी मुलाच्या स्क्वॉडमधल्या इतर तिघांच्या घरी जाऊन या. चार घरांनी मिळून सात ते साडेआठ ठरवलं तरी पुरेसं आहे. त्या आया बहुतेक तुमच्याच बचतगटात असतील.

सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत एक अडचण जास्त आहे. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत, साताऱ्याच्या डोंगरी तालुक्यांतले पुरुष मुंबईत माथाडी म्हणून राबतात, कुणी फौजेत आहे. मागे राहतात आजी-आजोबा आणि नातवंडं. तिथे फोन काढून घ्या असं सांगून चालत नाही, कारण त्याच फोनवर रात्री बाप दिसतो. आजीला फोनमधलं कळत नाही, आणि नातवाला ते पक्कं ठाऊक असतं. अशा घरात रोज फोन करणाऱ्या बापानेच हे काम उचलावं. “अभ्यास केलास का?” विचारण्याआधी “आज किती मॅच झाल्या? कुठं उतरला होतास?” असं विचारावं. आणि गावी सुट्टीला आल्यावर दोन दिवस फोनचं सगळं सेटिंग स्वतः बसून करून जावं.

ते सेटिंग असं. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक गेमच्या पानावर वयाचा आकडा असतो: ३+, ७+, १२+, १६+, १८+. गेम घेण्याआधी तो बघा आणि मुलाच्या वयाशी ताडून पाहा. भारतात सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, गेमला तसं सरकारी प्रमाणपत्र नाही, त्यामुळे हा आकडाच काय तो आधार आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल’ चालू करून वयाची मर्यादा घालता येते, त्याला पिन लागतो आणि तो पिन नातवाच्या जन्मसालाचा ठेवू नये. त्याच ठिकाणी प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू करा. गुगलचं ‘फॅमिली लिंक’ हे ॲप फुकट आहे; मुंबईत बसून गावच्या फोनची वेळ त्यातून ठरवता येते. पण सेटिंगने मुलगा सुधारत नाही. त्याने फक्त वेळ मिळतो.

वयाबद्दल माझं मत ठाम आहे. दहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात बंदुकीचा गेम देऊच नये. संशोधनाची वाट बघायची गरज नाही. त्या वयातलं मूल रात्री दचकून उठतं, आणि पाहिलेलं खेळून दाखवतं. भांडखोर थोरला भाऊ खेळतो म्हणून धाकटा शेजारी बसून बघतो, तेही टाळा. दहा ते तेरा या वयात गाड्यांचे, क्रिकेटचे, फुटबॉलचे गेम पुरतात. पुढे आठवी-नववीत सगळा वर्ग खेळत असताना आपलाच मुलगा अडवून धरला तर तो दुसऱ्याच्या फोनवर, उसाच्या फडाआड, दुकानाच्या मागे खेळेल. त्यापेक्षा ओसरीवर, तुमच्या समोर, ठरल्या मॅचपुरता खेळू द्या.

गोळीबारापेक्षा मला काळजी वाटते ती कानातल्या हेडफोनची. या गेममध्ये बोलण्याची सोय असते आणि संघात अनोळखी माणूस असू शकतो. शिव्या तर सर्रास असतात, मुलगी खेळते आहे हे आवाजावरून कळलं तर तिला विचारलं जातं ते सांगवत नाही. तिच्या घरचे ते कळल्यावर तिचाच गेम बंद करतात, म्हणून मुली घरी सांगत नाहीत. मुलीला आधीच सांगून ठेवा: कुणी घाणेरडं बोललं तर गेम बंद होणार नाही, तू फक्त आम्हाला सांग. अनोळखी संघात माइक बंद ठेवायचा, नाव-गाव-शाळा-फोटो द्यायचा नाही, गेमबाहेर व्हॉट्सॲपवर यायचं नाही. हा नियम मुलग्यांनाही लागू.

पैशाचंही तसंच. गेम फुकट मिळतो, पण कपडे, बंदुकांचे रंग, नाच या गोष्टी पैशांनी मिळतात. त्यासाठी फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड लागतात, बीजीएमआयमध्ये यूसी. या वस्तूंनी मित्रांत भाव वाढतो, आणि चौदाव्या वर्षी त्याहून मोठं काही नसतं हे आपण समजून घ्यावं. एखादा ड्रेस चक्र फिरवून नशिबाने मिळतो, मिळेपर्यंत पैसे जात राहतात. हा जुगाराचाच नाद आहे आणि मुलाला तसं स्पष्ट सांगावं. शेतीचे, दुधाचे, पेन्शनचे पैसे ज्या फोनवरच्या यूपीआयला जोडलेत, तो फोन गेमला द्यायचा नाही. आजोबांचा यूपीआय पिन नातवाला ठाऊक असेल तर आजच बदला. ‘फुकट डायमंड’च्या लिंकवरून किंवा आयडी विकण्याच्या बहाण्याने पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन करा. उशीर होईल तितके पैसे परत मिळणं अवघड होत जातं.

गेम कमी करायला सांगताना त्या जागी काय ठेवणार, हा प्रश्न पालक सोडून देतात. संध्याकाळी पाच ते आठ मुलाला जायला जागा हवी. ज्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरमधून खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीला जाऊन पदक घेऊन आले, तिथल्या गावांतही तालीम बंद आणि मोबाइलचं दुकान उघडं असं चित्र असेल तर दोष पोरांना देऊ नये. ग्रामपंचायतीने तालमीचं कुलूप काढावं, शाळेचं मैदान सुट्टीनंतर उघडं ठेवावं. वाचणारं मूल असेल तर एखाद्या रविवारी पाचगणीजवळच्या भिलारला घेऊन जा. पुस्तकांचं गाव म्हणून ते २०१७पासून उभं आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, हवं ते काढून वाचत बसता येतं.

आणखी एक सुचवतो, हे साताऱ्यातच जमेल. सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव ‘मिलिटरी’ म्हणून ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. आपल्या बहुतेक गावांत कुणी ना कुणी निवृत्त फौजी आहेच. दिवसाला वीस हेडशॉट मारणाऱ्या मुलाला त्या आजोबांकडे घेऊन जा. उपदेश करायला नको, मुलाला त्याच्या गेममधल्या बंदुकांबद्दल विचारू दे. ज्याने खरी बंदूक धरली आहे, बर्फात पहारा दिला आहे, सोबतचा माणूस गेलेला पाहिला आहे, तो जे सांगेल ते आपल्याला सांगता येत नाही. हिंसा म्हणजे काय हे मुलाने अशा माणसाकडून ऐकलं तर पडद्यावरचा खेळ हा खेळच आहे हे त्याला आपोआप कळतं.

हे सगळं करूनही काही मुलं हाताबाहेर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली आहे आणि ती यादी २०२२पासून लागू आहे. खुणा तीन आहेत. ठरवूनही थांबता येत नाही. जेवण, मित्र, शाळा या सगळ्यांच्या आधी गेम येतो. नुकसान दिसत असूनही तो चालूच राहतो. साधारण वर्षभर असं चाललं तर डॉक्टर व्यसन म्हणतात. परीक्षेनंतरच्या सुट्टीत आठवडाभर खूप खेळला म्हणजे व्यसन नव्हे. पण मूल खोलीतून बाहेर येत नसेल, रात्रीचा दिवस करत असेल, मरणाबद्दल बोलत असेल किंवा फोन मागितल्यावर अंगावर धावून येत असेल, तर वर्ष मोजत बसू नका. जुलै २०२४मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्यात पंधरा वर्षांचा मुलगा गेला, त्याच्या वहीत गेमचे नकाशे सापडले. गेममुळेच गेला असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण त्या घरात बदल जाणवत होता. बदल जाणवला की मदत घ्यायची, कारण कोणतंही असो.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. साताऱ्यात किंवा सांगलीत सिव्हिलला केसपेपर काढून मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी असते ते विचारा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत २०१४पासून मोबाइल आणि गेमच्या व्यसनाचा वेगळा दवाखाना आहे, पण बहुतेक मुलांना तिथवर न्यावं लागत नाही. मरणाची भाषा किंवा अंगावर धावून येणं नसेल, तर डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा: किती वाजता झोपला, किती वाजता उठला, शाळा किती दिवस बुडाली, जेवला की नाही, कुणाशी बोलला. “तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून डॉक्टरकडे” असं मुलाला सांगू नये. झोप नीट होत नाही, त्यासाठी जाऊन येऊ, असं म्हणावं, आणि ते खोटंही नसतं. तो यायला तयारच नसेल तर पहिल्या खेपेला ती वही घेऊन आईवडिलांनीच जावं, डॉक्टर तेवढ्यावरही पुढचं सांगतात.